काढणे आणि उचकटणे

मराठीत ‘काढणे’ हे क्रियापद फार राबते. आपण चित्र काढतो, कर्ज काढतो, कुणाची खोडी काढतो, कुणाची आठवण काढतो, वाईट दिवस काढतो. आणि आम्ही दोघे गेली बावीस वर्षे ज्या व्यवसायात आहोत त्यात कवितेचा अर्थ काढतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत या यादीत आणखी एका कामाची भर पडली. धातूच्या एका लहानशा डबीवर घट्ट बसलेले प्लॅस्टिकचे बटण काढण्याचे ते काम होते. पाच मिनिटांत उरकेल अशा समजुतीने आम्ही त्याला हात घातला. त्याला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत ‘काढणे’ आणि ‘उचकटणे’ यांतला फरक आम्हाला नव्याने शिकावा लागला.

ही डबी म्हणजे आमच्या मुलाचे गिटारचे इफेक्ट पेडल. मुलगा चोवीस वर्षांचा. बंगळूरला नोकरी करतो. अभियांत्रिकीच्या पहिल्या दोन वर्षांत तो गिटार वाजवत असे. तिसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, तेव्हा गिटार काही दिवस कपाटात ठेवावी, असे आम्ही सुचवले. संगीताला आमचा विरोध नव्हता, अशी आमची समजूत आहे. त्याची समजूत निराळी होती. विषय सुटले, पदवी मिळाली, नोकरी लागली. गिटार मात्र कपाटातून बाहेर आली नाही. घरी येई तेव्हा तो सगळ्या विषयांवर बोलत असे, या एका विषयाला वगळून. पुढे एकदा जाताना त्याने गिटार सोबत नेली, न सांगता. आणि दिवाळीआधी आठवडाभर त्याचा फोन आला, “आई, माळ्यावर माझं पेडल आहे, ते कुरिअर कर ना. मधलं बटण फिरवलं की खरखरतं. पण ते मी बघीन इथं.”

‘मी बघीन इथं’ हे वाक्य आम्हाला दिवसभर ऐकू येत राहिले. पेडल दुरुस्त करूनच पाठवायचे, असे आम्ही ठरवले. त्यामागे वात्सल्य किती आणि अपराधीपण किती, याचे पृथक्करण आम्ही केलेले नाही.

अशा पेडलांचा आमच्याशी दुरान्वयानेही संबंध नव्हता. म्हणून आधी थोडे वाचले. या वस्तूचा जन्मच एका बिघाडातून झालेला आहे. अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना ध्वनिमिश्रण यंत्राचा एक भाग बिघडला आणि सहा तारांच्या बास गिटारचा आवाज फाटका, गुरगुरता उमटला. तो तसाच ठेवला गेला. १९६१ साली गाणे प्रसिद्ध झाले आणि लोकांना तो फाटका आवाजच आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच बिघाड हुकमी घडवून आणणारे मंडल तयार केले आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने ते ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला काढले. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्स यांच्या गिटारवर तो आवाज जगभर गेला. सत्तरच्या दशकात या पेट्या हाताच्या पंज्याएवढ्या झाल्या. १९७८ साली जपानच्या बॉस कंपनीने आणलेल्या नारिंगी ‘डीएस-वन’वर तीन बटणे आहेत : एक सुराचा पोत ठरवते, एक आवाजाची पातळी आणि एक फाटकेपणाचे प्रमाण. पेटी पायाने दाबून चालू-बंद करायची, बटणे हाताने फिरवायची. आमच्या घरातली पेटी निराळ्या बनावटीची होती. मात्र तीन बटणांची रचना तीच.

एवढे वाचल्यावर आम्हाला एक प्रश्न पडला. जो आवाज मुद्दाम फाडलेला आहे, त्यातली नको असलेली खरखर ओळखायची कशी? मुलाला विचारले असते तर त्याने सांगितले असते. पण विचारायचे तर तो वगळलेला विषय काढावा लागणार. (पुन्हा काढणे आलेच.) आम्ही विचारले नाही.

बटणाखाली काय असते, ते आधी सांगायला हवे. आपण ज्याला बटण म्हणतो ती केवळ टोपी. तिच्याखाली धातूचा एक बारीक दांडा असतो आणि तो दांडा पेटीच्या आतल्या एका गोल भागात उतरतो. पुस्तकात त्याला पोटेन्शिओमीटर म्हणतात. दुरुस्ती करणारे नुसते ‘व्हॉल्यूम’ म्हणतात, मग त्याने आवाज कमीजास्त होवो की आणखी काही. या व्हॉल्यूमच्या पोटात घोड्याच्या नालेच्या आकाराची कार्बनची पट्टी असते आणि दांडा फिरला की तिच्यावरून धातूची एक जीभ सरकते. पट्टी आणि जीभ यांच्यामध्ये धूळ साचली की खरखर होते. ती साफ करायची तर आतला बोर्ड बाहेर काढावा लागतो. आमच्या पेटीत बोर्ड व्हॉल्यूमच्या आधारानेच लटकलेला होता. व्हॉल्यूम पेटीला नटांनी आवळलेले होते आणि ते नट बटणांच्या खाली लपलेले होते. म्हणजे सगळ्या गोष्टींच्या आधी बटणे निघायला हवीत.

ती निघाली नाहीत. बोटांनी ओढली, हलली नाहीत. मग आम्ही स्क्रू ड्रायव्हर घेतला. (वर्गात आम्ही त्याला पेचकस म्हणतो, घरात कोणी म्हणत नाही.) चपटे पाते मधल्या बटणाच्या कडेखाली सरकवले आणि दाबले. कट् असा आवाज झाला, पाते निसटले, पेटीच्या निळ्या रंगावर दोन इंचांचा पांढरा ओरखडा उमटला आणि बटणाच्या कडेचा अर्धचंद्राएवढा टवका उडून पलंगाखाली गेला. बटण होते तिथेच होते. पेचकस आमच्यापैकी कोणाच्या हातात होता, हे येथे सांगणार नाही. दोघांनी मिळून लिहिण्याचा आणि ‘आम्ही’ या सर्वनामाचा एवढा फायदा घ्यायला वाचकांची हरकत नसावी.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन आम्ही गावातल्या एका जुन्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान चालवणारे काका सत्तरीच्या पुढचे. वाल्व्हचे रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही असा सगळा काळ त्यांच्या टेबलावरून गेलेला आहे. पेडल त्यांनीही पूर्वी पाहिलेले नव्हते. त्यांनी ते हातात घेतले, ओरखडा पाहिला, टवका पाहिला आणि म्हणाले, “सर, एका बाजूनं उचकटलंय न्हवं?”

आम्ही मान डोलावली.

“बटण फुटलं तर बटण मिळतं. आतला व्हॉल्यूम मोडला तर बोर्डावरनं उपसायला लागतो. एका बाजूनं जोर लावला की बटण येत नाही, दांडा वाकतो. नाहीतर टाका तडकतो. वरनं कायबी दिसत नाही.”

काकांनी नंतर जे सांगितले ते आम्ही घरी येऊन टिपून ठेवले. विद्यार्थ्यांच्या वहीसारखेच मुद्देसूद. बटण दांड्यावर तीन तऱ्हांनी बसते. एक, बाजूने बारीक स्क्रू आवळलेला असतो. तो सैल केल्याशिवाय कितीही ओढले तरी उपयोग नाही. दोन, दांड्याला बारीक दाते असतात, मधोमध चीर असते आणि चिरेच्या दोन बाजू कमानीसारख्या फाकून बटणाला आतून धरतात. हे बटण नुसते सरळ ओढायचे. तीन, दांडा एका बाजूने तासलेला, म्हणजे इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा असतो. तेही सरळच ओढायचे. पिळायचे मात्र कुठलेच नाही. व्हॉल्यूम पुरता वर्तुळभर फिरत नाही. साधारण तीनशे अंशांवर त्याला आतून अडसर असतो. बटण निघत नाही म्हणून अडसराच्या पलीकडे पिळले की तो अडसर मोडतो. तेल सोडायचे नाही. ते दांड्यावरून उतरून पट्टीवर जाते. पकडीने धरायचे नाही, दात उमटतात. आणि सगळ्यांत आधी, “बघा. ओढायच्या आधी चारी बाजूंनी बघा.”

काकांची दृष्टी आता बारीक कामाला साथ देत नाही. म्हणून काम आम्हीच करायचे आणि ते शेजारी बसून सांगायचे, असे ठरले. पहिल्यांदा त्यांनी तिन्ही बटणांचा मोबाइलवर फोटो काढायला लावला : कुठले बटण कुठे वळलेले आहे, ते नंतर आठवत नाही म्हणून. मग पेटीच्या रंगावर कागदी चिकटपट्टी लावून घेतली. आणि मग काकांनी आम्हाला बुटाची नाडी काढायला सांगितली.

कडेची दोन बटणे नाडीने निघाली. नाडी बटणाच्या खालच्या फटीत सरकवायची, एक वेढा द्यायचा, दोन्ही टोके वर घेऊन एकत्र धरायची आणि सरळ वर, सावकाश, जोर वाढवत न्यायचा. दुसऱ्या हाताने पेटी खाली दाबून धरायची. फट फारच बारीक असेल तर दात साफ करायचा दोरा चालतो. फट रुंद असेल तर पातळ रुमाल. दोन चमचे समोरासमोर पालथे ठेवून, खाली पुठ्ठा घालून, दोन्ही एकाच वेळी दाबले तरी चालते. तिथेही अट तीच, दोन्ही बाजूंचा जोर सारखा हवा. नाडीचे पहिले टोक आमच्यापैकी एकाच्या हातात होते, दुसरे दुसऱ्याच्या. एकाने जास्त ओढले की बटण तिरके होऊन अडकायचे. “मॅडम, जरा दमानं,” “सर, आता तुम्ही,” असे काका म्हणत होते. तिसऱ्या खेपेला बटण ‘टप्’ करून वर आले. इतके सहज, की आदल्या दिवशीचा आमचा जोर कुठे जात होता, याचे आश्चर्य वाटले.

मधले बटण हलले नाही. नाडी ताणली, रुमाल ताणला, ढिम्म. ते इतर दोन बटणांपेक्षा मोठे होते, पिवळट पांढरे, आणि दांड्यावर किंचित कलते बसलेले. आम्हाला वाटले, आपल्या पेचकसाने ते वाकवले. काकांनी भिंग लावले, बटण फिरवत फिरवत पाहिले आणि एका जागी थांबले. कडेला मुगाच्या दाण्याहूनही लहान खळगा होता, मळाने भरलेला. टाचणीने मळ उकरला. आत पितळी चमक दिसली.

“स्क्रू आहे,” काका म्हणाले. “हे बटण ह्या पेटीचं न्हवंच.”

घड्याळजीच्या स्क्रू ड्रायव्हरने तो स्क्रू दोन आटे सैल केला. तरीही बटण येईना, कारण आत दांड्याभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि तिचा डिंक वर्षानुवर्षे घट्ट होत गेला होता. गुंडाळण्याचे कारण काकांनी सांगितले. जुन्या बटणांचे छिद्र पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे असे. या पेटीचा दांडा ६ मिलिमीटरचा. उरलेला पाऊण-अर्धा केसभर फरक भरून काढायला कोणीतरी पट्टी गुंडाळली, वरून स्क्रू आवळला. म्हणून बटण बसले, पण जरा कलते. हेअर ड्रायरची कोमट हवा मिनिटभर लावली. (फार तापवले तर बटणच मऊ पडते, हेही काकांचेच.) डिंक सैलावला, नाडीचा वेढा दिला, दोघांनी सारखे ओढले आणि बटण हातात आले. दांडा सरळ होता. आमच्या पेचकसाने वाकलेला नव्हता.

येथे आमच्या व्यवसायाविषयी एक कबुली दिली पाहिजे. तो टवका उडालेला तुकडा हातात घेऊन बसलो असताना आम्हाला प्रश्नपत्रिका आठवल्या. ‘पुढील ओळींचा अर्थ स्पष्ट करा, गुण पाच.’ तासाला पन्नास मिनिटे, कवितेला एक तास. कविता अडली की आम्ही एक पाते घेतो. कधी कवीचे चरित्र, कधी सामाजिक पार्श्वभूमी, कधी परीक्षेला नेहमी येणारा एखादा वाद. आणि ते एका बाजूने कडेखाली घालून दाबतो. कट् असा आवाज येतो, काहीतरी हातात पडते, विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात. कविता होती तिथेच असते, एक टवका कमी होऊन. मराठीने या प्रकाराला ‘वाकडा अर्थ काढणे’ असा वाक्प्रचार आधीच देऊन ठेवला आहे. आम्ही तो नेहमी दुसऱ्यांसाठी वापरला. चारी बाजूंनी पाहणे, खळग्यातला मळ टाचणीने उकरणे आणि हे बटण याच पेटीचे आहे काय असे विचारणे, याला पन्नास मिनिटे पुरत नाहीत, हे खरे. पण बावीस वर्षे पुरायला हवी होती.

पुढचे काम सोपे होते. नट सोडवले, बोर्ड हलक्या हाताने बाहेर घेतला, व्हॉल्यूमच्या मागच्या फटीत साफ करायचा फवारा दोनदा मारला आणि दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवला. काकांनी एक टाका पुन्हा डाग देऊन पक्का केला; तो आधीच तडकलेला होता की आमच्यामुळे तडकला, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

आता प्रश्न उरला बटणाचा. टवका उडालेले, परके, कलते बसणारे ते बटण पुन्हा लावायचे, की काकांच्या डब्यातून दांड्याला बरोबर बसणारे नवे घ्यायचे? नवे घ्यावे, असे आमचे जवळजवळ ठरले होते. तरी रात्री मुलाला फोन केला. स्पीकर चालू ठेवून दोघेही समोर बसलो. ओरखड्याचे सांगितले, टवक्याचे सांगितले. तो क्षणभर गप्प होता.

“त्याला बाजूनं स्क्रू आहे, बाबा,” तो म्हणाला. “मला विचारायचं ना.”

“ते बटण त्या पेडलचं नाही, असं काका म्हणाले. नवं बसवू का?”

“नको. तेच लावा. आजोबांच्या रेडिओचं आहे ते.”

२०१५ साली आम्ही जुने घर सोडून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा वाल्व्हचा रेडिओ भंगारात दिला. आजोबा त्याआधी दोन वर्षे वारले होते. रेडिओ बंद होता, मोठा होता, नव्या बैठकीत त्याला जागा नव्हती. संध्याकाळी सातच्या बातम्यांना आजोबा त्याच्यासमोर बसत आणि त्यांच्या मांडीवर नातू बसे. बटण फिरवायचा मान नातवाचा. भंगारवाला तो हातगाडीवर चढवत होता तेव्हा मुलगा नववीत होता आणि खाली उभा होता, एवढे आम्हाला आठवते. त्याने त्याचे एक बटण काढून घेतले, हे आम्हाला माहीत नव्हते. पेडलचे मधले बटण पुढे हरवले तेव्हा त्याने ते बसवले. छिद्र मोठे होते म्हणून पट्टी गुंडाळली, स्क्रू आवळला. त्यासाठी त्याने नेमके काय केले असेल, ते आता आम्ही सांगू शकतो, कारण तेच उलट्या क्रमाने आम्ही केले होते.

आम्ही वर्गात स्मृतिचित्रे शिकवतो, वाडे पडल्याच्या कथा शिकवतो, वस्तूंना चिकटलेल्या माणसांविषयी बोलतो. ज्याच्या गाण्यात आम्हाला आवाजाखेरीज काही ऐकू आले नव्हते, त्याने आमच्या घरातला तेवढा एक तुकडा उचलून पायाशी ठेवला होता. आणि त्याच तुकड्यावर आम्ही पेचकस चालवला. यावर अधिक लिहिले तर ते पुन्हा एका बाजूने उचकटणे होईल.

बटण आम्ही परत लावले. जुना डिंक पुसून दांड्याभोवती पट्टीचा नवा एकच वेढा दिला. तेवढ्याने ते पूर्वीपेक्षा कमी कलते बसले. फोटो पाहून तिन्ही बटणे जिथल्या तिथे वळवली. स्क्रू आवळताना काकांनी हात धरला, “बास. पुढं कुणाला तरी पुन्हा काढायचं आहे.” टवक्याचा तुकडा चिकटवून पाहिला, तो टिकला नाही. एका कागदाच्या पुडीत घालून तो पेटीबरोबर पाठवला.

कुरिअर पोचल्यावर तीन दिवसांनी मुलाने मोबाइलवर एक ध्वनिफीत पाठवली. दीड मिनिटाची. सुरुवातीला गिटारचा स्वच्छ आवाज, मग पेटी दाबल्याचा खटका आणि मग तो फाटका, गुरगुरता सूर. मध्येच सूर हळूहळू वर चढत गेला. तो मधले बटण फिरवत होता. आम्ही कान लावून ऐकत होतो. आम्हाला त्यातले अजूनही फारसे कळत नाही. पण खरखर नव्हती, हे दोघांनाही ओळखता आले.